अक्का हलत नाहीत

‘वहिनी, डावा पाय बोटभर मागं. हां, बास. आता हलू नका,’ मगदूम सर म्हणाले आणि गुडघ्यावर हात टेकून खाली बसत त्यांनी माझ्या पावलांभोवती खडूनं रेघ ओढली. मग खुर्चीच्या चारही पायांभोवती ओढली. मी कोपर टेकवलं होतं तिथं, खुर्चीच्या हातावर, एक बारीक खूण केली. मधल्या सुट्टीत मॉडेल उठलं, तर परत येऊन नेमकं तिथंच बसावं म्हणून हे खडूचं काम. बत्तीस वर्षं माझ्या पायांभोवती रेघ ओढली जात होती.

‘सर, आज मुलं इथं कुठं आहेत? खडू कशाला?’ ऋजुता चौगुले हसत म्हणाली.

‘मुलं कुठंही असू देत. पाय इथं आहेत का नाही?’

हॉल रिकामा होता. चित्रं काढायचे ईझल भिंतीशी एकात एक घुसवून उभे केले होते आणि त्यांच्यावर जुन्या चादरी टाकल्या होत्या. एरवी मुलं अर्धगोल करून बसायची त्या जागी तीन पायांच्या काठीवर एक मोबाइल लावला होता आणि शेजारच्या टेबलावर लॅपटॉप होता. उत्तरेच्या मोठ्या खिडकीतून सकाळी दहाचा थंड, पांढरा उजेड माझ्या उजव्या गालावर येत होता. तेवढं मात्र पूर्वीसारखं होतं.

‘मोबाइल आडवा ठेवतो मी,’ ऋजुता म्हणाली. कोल्हापूरच्या मुली बोलतात तशी ती ‘ठेवतो, करतो, येतो’ असंच बोलायची. ‘उभा ठेवला तर अक्कांचे हात कापले जातात.’ अक्का म्हणजे मी.

‘कापा. हात कापा, पाय कापा. आता तेवढंच राहिलंय.’

‘सर, चिडून उपयोग आहे का?’

‘चिडलोय कुठं? घाबरलोय मी,’ सर म्हणाले आणि नाकाखाली घसरलेला मास्क त्यांनी वर ओढला.

२०२२च्या जानेवारीतला रविवार होता तो. आमची चित्रशाळा दीड वर्ष बंद राहून नुकती उघडली होती. व्यक्तिचित्रणाच्या वर्गात पूर्वी चाळीस मुलं असायची. दार उघडल्यावर त्यातली सहा परत आली. काही कामाला लागली होती. काहींना घरचे कोल्हापुरात खोली करून ठेवायला तयार नव्हते. आणि बऱ्याच जणांना घरीच सवय झाली होती, मोबाइलवर फोटो बघायचा आणि त्यावरून चेहरा काढायचा. त्यांना वाटायचं, माणूस समोर बसवायला कोल्हापूरपर्यंत जायचं कशाला?

संस्थेच्या कार्यकारिणीनं ठरवलं होतं की महिनाअखेरपर्यंत वीस नावं आली नाहीत, तर हा वर्ग बंद. मॉडेलचा चौथरा काढायचा आणि हॉलमध्ये संगणक मांडायचे. ऋजुता संस्थेची सचिव होती, वय तिशीच्या आसपास. ती याच हॉलमध्ये शिकलेली, मला शंभरदा तरी काढलेली. बैठकीत भांडून तिनं एक संधी मिळवली होती. खेड्यापाड्यांतल्या मुलांना त्यांच्या घरी मोबाइलवर जिवंत मॉडेल दाखवायचं, एक रविवार फुकट. आवडलं तर ती नाव नोंदवतील. त्यासाठी आज चौतीस मुलं येणार होती. येणार म्हणजे लॅपटॉपवर छोट्या छोट्या चौकोनांत दिसणार होती.

वर्ग बंद झाला की माझं बसणंही संपणार होतं.

माझे यजमान सोपानराव या चित्रशाळेत शिपाई होते. ते अचानक गेले तेव्हा मी सदतीस वर्षांची होते. तेव्हाच्या प्राचार्यांनी मला बोलावून विचारलं, ‘बाई, तुम्हाला गप्प बसता येतं का?’ मला वाटलं, मी फार बोलते अशी कोणी तक्रार केली असावी. पण त्यांना खरंच बसणारं माणूस हवं होतं. नऊवारी नेसायची, खुर्चीत बसायचं, पाऊण तास पापण्या सोडून काही हलवायचं नाही आणि बोलायचं नाही. टेबलावरची घंटी वाजली की दहा मिनिटं सुट्टी, की पुन्हा बसायचं.

पहिल्या दिवशी मान अवघडून रडू आलं. दुसऱ्या दिवशी पायाला मुंग्या आल्या. तिसऱ्या दिवशी मात्र वेगळंच घडलं. चाळीस मुलांचे कोळसे एकाच वेळी कागदावर चालत होते. तो आवाज ऐकता ऐकता मला ओढ्याचं पाणी ऐकू यायला लागलं. मग ओढाच दिसला आणि मी हॉलमधून निघून गेले. घंटी झाली तेव्हा कोणीतरी म्हणालं, ‘अक्का, संपलं की. उठा.’ मला पाऊण तास पाच मिनिटांसारखा वाटला होता.

तेव्हापासून मी बसले की जात असे. कुठं, ते कोणी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. मुलं तक्रार करायची, ‘अक्का, तुमचं नाक सापडतं, ओठ सापडतात, डोळे सापडत नाहीत.’ मागच्या कोठीत माझी शेकडो चित्रं पडून होती. तरुणपणीची होती, केस पिकायला लागल्यावरची होती, चष्म्याची आणि बिनचष्म्याचीही होती. सगळ्यांत डोळे तेवढे रिकामे. मगदूम सर मला सोपानरावांमुळे वहिनी म्हणायचे. ते मुलांना सांगायचे, ‘असे डोळे काढून दाखवा, मग मानतो.’

टाळेबंदीत मी घरी स्टुलावर बसून बघितलं. भिंत दिसली, गॅसची टाकी दिसली आणि शेजारणीचा टीव्ही ऐकू आला. ओढा आला नाही. दीड वर्षात एकदाही आला नाही. मुलं दिसत नाहीत याचं वाईट वाटायचंच, पण खरं सांगायचं तर मला त्या ठिकाणी जाता येत नव्हतं. ते आता कायमचं बंद होईल की काय, ही भीती घेऊनच मी त्या सकाळी खुर्चीत बसले होते.

आणि सरांची वेगळीच तऱ्हा होती. दुसऱ्या लाटेनंतर लोक त्यांच्याकडं फोटो घेऊन यायचे. कोणाचा भाऊ गेलेला, कोणाची आई. धावपळीत काही हाताशी लागलेलं नसायचं, म्हणून आधार कार्डावरचा फोटो आणायचे, नाहीतर लग्नाच्या घोळक्यातलं बोटाएवढं तोंड. त्यावरून सरांनी चाळीसेक मोठी चित्रं केली. लोक चित्र घेऊन पाया पडायचे. सर घरी येऊन जेवायचे नाहीत, असं त्यांच्या पत्नी मला सांगायच्या. एकदा रस्त्यात भेटले तर म्हणाले, ‘वहिनी, फोटोतलं माणूस श्वास घेत नाही हो. मी सहा महिने श्वास न घेणारी माणसं काढतोय.’

‘आली, आली!’ ऋजुता म्हणाली. लॅपटॉपवर चौकोन उघडायला लागले. तिनं तो जरा माझ्याकडं वळवून धरला. कोणी माडीवर बसलं होतं, कोणी गोठ्यापाशी. एकाच्या मागं आई भाकरी थापत होती.

‘नमस्कार अक्का!’ सगळी एकदम ओरडली.

‘मी इरफान मुल्ला, कुरुंदवाडचा.’

‘सर, मी प्रणाली गावडे. चंदगडच्या वर, जंगलाकडं आमचं गाव आहे. रेंज गेली तर रागवू नका.’

‘रागवत नाही. कोळशाला टोक आहे का बघा,’ सर म्हणाले. त्यांच्या आवाजात जुनी हुशारी आली होती. ‘आधी डोळे बारीक करून नुसतं बघायचं. दहा मिनिटं हात लावायचा नाही. मग मोठा आकार. माझ्या वर्गात काम चालू असताना कोणी बोलत नाही. मॉडेलला त्रास होतो.’

आणि वर्गाच्या शिस्तीप्रमाणे त्यांनी लॅपटॉपचा आवाज पूर्ण बंद करून टाकला. मुलांच्या घरातले कुकर, कोंबड्या, भांडणं काही माझ्या कानावर येऊ नये म्हणून. माझी काळजी घेतली त्यांनी, एवढंच. ऋजुता चहा सांगायला खाली गेली. सरांनी लॅपटॉपकडं पाठ करून स्वतःचा कागद लावला आणि कोळसा हातात घेतला.

मी बसले.

चाळीस नव्हे, एकच कोळसा होता. त्याचा आवाज उन्हाळ्यातल्या ओढ्यासारखा बारीक होता. मी वाट बघत राहिले. खिडकीतला उजेड गालावर तसाच होता. मग दगडांमधून पाण्याचा एक धागा चमकला, आणि मी चप्पल हातात घेऊन त्यात पाय घातला. दीड वर्षानंतर पाणी तितकंच गार होतं. पलीकडच्या काठावर तीच चढण, तीच पायवाट, करवंदीच्या जाळीत कोणाच्या तरी लुगड्याची तीच अडकलेली चिंधी. माझ्या अंगावर काटा आला असेल, पण तो खुर्चीत दिसला नसणार. मी अगदी स्थिर बसले होते. आयुष्यात इतकी स्थिर कधी बसले नव्हते.

‘सर! अहो सर, हे काय? सगळी कुठं गेली?’

ऋजुता चहाचा ट्रे तसाच हातात घेऊन लॅपटॉपसमोर उभी होती. चौतीस चौकोनांतले सात उरले होते. बघता बघता सहा झाले.

‘कुठं गेली म्हणजे?’ सर वळले.

तिनं घाईनं आवाज चालू केला. इरफानचा आवाज हॉलमध्ये घुमला, ‘...सर, ऐकायला येतंय का? हॅलो? हँग झालंय सर. वीस मिनिटं चित्र हँग आहे. अक्का हलत नाहीत.’

‘अरे, त्या मॉडेल आहेत! हलत नसतातच!’

‘तसं नव्हे सर. आम्हाला वाटलं नेट गेलं. मी तीनदा बाहेर जाऊन परत आलो. बाकीची वैतागून गेली.’

ऋजुतानं खाली आलेले निरोप वाचले. तिचा चेहरा पडला. ‘कागलच्या एकानं लिहिलंय, जिवंत मॉडेल सांगून फोटो लावलाय. फसवायचे धंदे.’

‘फोटो,’ सर म्हणाले. त्यांनी कोळसा टेबलावर ठेवला. कोळसा गडगडत जाऊन खाली पडला आणि दोन तुकडे झाले. त्यांनी उचलला नाही. ‘फोटो लावलाय म्हणे. झालं. बंद करा ते, ऋजुता. कार्यकारिणीला सांगा, चौथरा उद्याच काढा.’

‘सर, थांबा हो. मी सगळ्यांना फोन करतो. दहा मिनिटं द्या मला.’

‘आणि परत आल्यावर काय दाखवणार? वहिनींना काय नाचायला सांगू?’

मी खुर्चीतच होते. उठायचं तर घंटी झालेली नव्हती. लाज वाटत होती. जे एक काम मला चांगलं येत होतं, ते फारच चांगलं केलं म्हणून सगळं बुडालं होतं.

ऋजुता चौथऱ्यावर चढली आणि माझ्या पायांशी, खडूच्या रेघेच्या बाहेर, बसली. ‘अक्का, तुम्ही बोलाल का?’

‘मॉडेल बोलत नाही,’ सर लांबून म्हणाले. ‘जबडा हलला की सगळा आकार बदलतो.’

‘बदलू दे. त्यांना कळू दे की माणूस आहे.’

‘बोलू तरी काय?’ मी विचारलं. ‘मी काय शिकवणार त्यांना?’

‘शिकवू नका. तुम्ही इथं बसलात की मनात काय चालू असतं, तेवढं सांगा. मी पाच वर्षं तुमचे डोळे काढायला धडपडलो आणि एकदाही जमलं नाही. तुम्ही बघत काय असता, अक्का?’

बत्तीस वर्षांत हे मला कोणी विचारलं नव्हतं. मी सरांकडं बघितलं. ते खिडकीशी पाठमोरे उभे होते आणि सदऱ्याला हात पुसत होते. हातावरचा कोळसा निघाल्यावरही ते पुसत राहिले.

‘लाव फोन,’ मी ऋजुताला म्हणाले.

चोवीस मुलं परत आली, उरलेली सहा धरून तीस झाली. कशी आणली तिनं, देव जाणे. मी पदर नीट केला, मोबाइलच्या काळ्या ठिपक्याकडं बघितलं आणि म्हणाले, ‘मी बसले की आमच्या गावाला जाते.’

‘कुठलं गाव, अक्का?’ हा इरफान.

‘सावरघळ. जावळीच्या डोंगरातलं. आता नाही ते. धरणाच्या पाण्याखाली गेलं. मी दहा वर्षांची होते.’

कुठल्या तरी घरात कोंबडा आरवला. या वेळी लॅपटॉपचा आवाज कोणी बंद केला नाही.

‘ओढा ओलांडला की चढण लागते. चढण संपली की पहिलं घर नामा लोहाराचं. त्याचा भाता त्याची बायको ओढायची. तिच्या कपाळावर एवढं मोठं कुंकू आणि त्याच्यावर घामाचे थेंब. मी रोज त्या भट्टीपाशी थांबते.’

‘लोहाराचं घर डाव्या हाताला का उजव्या?’

‘डाव्या. आणि उजवीकडं फणस. त्याला बुंध्याशी फणस लागायचे, आम्ही पोरं त्याच्यावर बसायचो. पुढं गोंदाआजीचं घर. ती उंबऱ्यात बसून वाती वळायची आणि जाणाऱ्या-येणाऱ्याला शिव्या द्यायची. फुकट देते, घ्या म्हणायची.’

मुलं हसली. प्रणालीनं विचारलं, ‘छपराला कौलं का गवत?’

‘गोंदाआजीला गवत. आमच्याला कौलं. वडलांनी पाचवडहून बैलगाडीनं आणलेली.’

मग प्रश्न थांबेनात. भट्टीचा धूर कुठल्या बाजूनं जायचा? देवळाला कळस होता का? शाळा कुठं भरायची? मी सांगत गेले. हात कधी उचलला, मान कधी वळवली, मला कळलं नाही. बत्तीस वर्षं ज्या वाटेनं मी एकटी चालले होते, तिच्यावर आता तीस पोरं माझ्यामागं येत होती आणि एकही धड गप्प बसत नव्हतं. एका चौकोनातली भाकरी थापणारी आईसुद्धा हात धुऊन पुढं येऊन बसली होती.

मधेच मला कोळशाचा आवाज आला. सरांनी तुटलेला अर्धा तुकडा उचलला होता आणि ते माझ्याकडं बघत भराभर काढत होते.

‘बोला, वहिनी,’ ते म्हणाले. ‘थांबू नका. मग तुमचं घर?’

तिथं मात्र मी थांबले.

इतकी वर्षं मी नेहमी घराच्या पायरीपर्यंत जायची आणि तेवढ्यात घंटी व्हायची. खरं तर घंटी व्हायच्या आधीच मी माघारी फिरायची. हळू चालायचं, फणसापाशी रेंगाळायचं, गोंदाआजीच्या शिव्या ऐकायच्या, म्हणजे पायरीपाशी पोचायला पाऊण तास संपतो, हे मला ठाऊक झालं होतं. पण आज घंटी वाजवायची सर विसरले होते.

‘अक्का, घरात चला की,’ कुठलीतरी मुलगी म्हणाली.

‘घराला दार नाही,’ मी म्हणाले. ‘गाव सोडायच्या दिवशी सगळ्यांनी आपापली लाकडं काढून घेतली. नव्या जागी घर बांधायला लागणार होती ना. वासे काढले, तुळया काढल्या. वडलांनी दाराची चौकट पहारीनं उपटून गाडीवर घातली. ती चौकट निघताना भिंत रडल्यासारखी आवाज करत होती. आई आत चूल सारवत होती. उद्या पाणी येणार आणि आज ती चूल सारवत होती. वडील बाहेरून ओरडत होते, अगं, चल आता. ती म्हणाली, ओली आहे, वाळू दे. मी बाहेर गाडीवर बसले होते. गाडी वळेपर्यंत मला ते भोक दिसत होतं. दार होतं तिथलं. आणि आत ओली चूल. म्हणून मी आत जात नाही.’

सरांचा कोळसा थांबला होता. मग ऋजुता हळूच म्हणाली, ‘अक्का, बास आता. पाणी घ्या.’

त्या दिवशी संध्याकाळपर्यंत सव्वीस नावं आली. कागलचा फसवणूकवालाही त्यात होता. चौथरा राहिला. पुढं ऋजुतानं बोलणारे मॉडेलच शोधून आणायला सुरुवात केली. एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर आले, ते गारगोटीच्या वाटेवरचे थांबे ओळीनं सांगत बसायचे. एक सुईण आली. मुलं ऐकत आणि काढत. सरांना सुरुवातीला ते बिलकूल पटलं नाही. पण त्यांनी त्या दिवशी काढलेलं माझं चित्र मी बघितलं, तर त्यात माझं तोंड अर्धवट उघडं आहे, एक डोळा बारीक झालाय आणि मान वाकडी आहे. ‘आकाराचा पार सत्यानाश झालाय,’ म्हणाले, आणि ते त्यांनी आपल्या घरी, जेवायच्या टेबलासमोर लावलं.

पुढच्या रविवारी मी पुन्हा बसले. आठवणीतलं बोलून झालं होतं, म्हणून थोडा वेळ गप्प राहिले. कोळसे चालत होते. वर्गात सहा आणि लॅपटॉपवर सव्वीस. पण मला ओढा ऐकू आला नाही. कोळशाचा आवाज कोळशाचाच राहिला. समोर हॉल दिसत होता, चादरी काढलेले ईझल दिसत होते, एका मुलीच्या नाकावरचा काळा डाग दिसत होता. त्या मुलीनं मान वर केली आणि तिची नजर माझ्या नजरेला भिडली. ती गडबडली. बहुधा तिला तोपर्यंत कोणी सांगितलं असावं, की अक्कांचे डोळे सापडत नाहीत.

त्यानंतरही ओढा आला नाही. मी कोणाला बोलले नाही.

मार्चमध्ये पोस्टानं गुंडाळ्या यायला लागल्या. मुलांनी त्या दिवशी काढलेली आणि मग घरी पूर्ण केलेली चित्रं. दोन वर्षांत प्रदर्शनं सगळी मोबाइलवरच झाली होती. शेजारणीच्या फोनवर मीही एक बघितलं होतं, बोटानं सरकवत, प्रत्यक्षात नसलेल्या हॉलमधून चालायचं. आता ऋजुताला खऱ्या भिंतीवर लावायची होती. मी आणि सर मिळून एकेक गुंडाळी सोडवून कागदावर पाटी ठेवत होतो, तो सरळ व्हावा म्हणून.

तीसपैकी चार चित्रांत मी होते. बाकी सगळ्यांत सावरघळ होतं. कोणाचा ओढा डावीकडून, कोणाचा उजवीकडून. इरफाननं भट्टी इतकी सुंदर काढली होती की बघताना तोंडावर झळ लागावी, पण लोहारीण तरणीताठी केली होती. ती म्हातारी होती. कोणी देवळाला नसलेला कळस चढवला होता. गोंदाआजी एकात जाड, दुसऱ्यात काडी.

‘हे बघा, वहिनी,’ सर म्हणाले आणि एक कागद त्यांनी दोन्ही हातांनी धरून माझ्यासमोर उभा केला.

प्रणाली गावडेचं चित्र होतं. आमचं घर. कौलं बरोबर होती, पायरी बरोबर होती, पायरीचा झिजलेला कोपराही, तो मी कधी सांगितला होता ते आठवत नाही. आणि मधोमध एक दार होतं. दोन फळ्यांचं, निळ्या रंगाचं, पितळी कडीचं, व्यवस्थित लावून घेतलेलं.

आमचं दार निळं कधीच नव्हतं. साधं, तेलपाणी केलेलं सागवानी दार होतं. आणि त्या दिवशी तर तेही नव्हतं. मी बराच वेळ बघत राहिले. सरांचे हात वर धरून अवघडले असतील.

‘त्या वेळी तिची रेंज गेली असणार,’ सर म्हणाले. ‘चौकट काढून नेली, ते तिला ऐकूच आलेलं नाही. चांगली पोरगी आहे. कळवू का तिला? दार खोडून पाठवेल.’

‘नको, सर,’ मी म्हणाले. ‘साठ वर्षं घर उघडं पडलंय. असू दे दार.’